मोडशीपासून 'कट-ऑफ'पर्यंत : मुंबईचे पाणी वाचताना

'मोडशी' हा शब्द आता घरातील वृद्धांच्या तोंडी तेवढा उरला आहे, आणि तोही लहान मुलांच्या अपचनापुरता. एकेकाळी मात्र या शब्दाने बराच प्रवास केला होता. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथात, उलट्या आणि जुलाबांनी माणसाला थोड्याच वेळात संपविणाऱ्या एका रोगाचे वर्णन आहे आणि त्याचे स्थानिक नावही नोंदलेले आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगिजांनी तिचे 'मोर्देशिम' केले. पुढे फ्रेंच कानांनी त्या ध्वनीत स्वतःच्या भाषेतले शब्द ऐकले आणि 'मोर द शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे त्याचे रूपांतर झाले. 'मोडणे' या साध्या क्रियापदाशी नाते सांगणारा कोकणी-मराठी शब्द युरोपात जाऊन कुत्र्याच्या मौतीने मेला, असे म्हणावयास हरकत नाही! सोळाव्या शतकातील ती मोडशी म्हणजे आजच्या वैद्यकाला अभिप्रेत असलेला कॉलराच का, याविषयी मतभेद आहेत. परंतु १८१७ साली बंगालमधील जेसोरहून निघालेली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत पोचलेली साथ कोणती होती, याविषयी ते नाहीत.

मराठीने या रोगाला आणखीही नावे दिली. पटकी, महामारी, वाखा. आणि रोगाची देवी म्हणून जरीमरी. गावाच्या वेशीवर तिचे ठाणे असे. तिने बाहेरच्या बाहेर निघून जावे, ही त्यामागची कल्पना. मुंबईत कुर्ल्याहून अंधेरीकडे जाताना विमानतळाच्या भिंतीला लागून जी दाट वस्ती आहे तिचे नाव आजही जरीमरी आहे. वेस कधीच पुसली गेली, देवीचे नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले.

या लेखात आम्हांला एका शब्दाचा माग काढावयाचा आहे. परंतु तो शब्द वरील नावांपैकी नाही. तो शब्द आहे 'शुद्ध'. पाणी शुद्ध आहे असे जेव्हा मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो? ते कोणी शिवलेले नाही असे, ते नितळ आहे असे, की त्यात रोगजंतू नाहीत असे? गेल्या दोनशे वर्षांत या तीन अर्थांची सरमिसळ होत आली आहे. शहरातील गरिबाच्या हंड्यात कोणते पाणी पडावे, हे ठरविण्यात या सरमिसळीचा मोठा वाटा आहे, असे आमचे मत आहे.

तळी, विहिरी आणि धर्मादाय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, दो टाकी, सी. पी. टँक ही नावे आपण बसस्टॉपची म्हणून उच्चारतो; ती सगळी एकेका पाणवठ्याची नावे आहेत. (सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, हे तेथे राहणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.) तळे बांधणे हे पुण्यकर्म होते आणि शेटसावकारांनी ते मनापासून केले. परंतु धर्मादाय पाण्याला एक मर्यादा असते. ते कोणासाठी आहे हे देणारा ठरवितो, आणि त्याने ठरविले नाही तर भोवतालचा समाज ठरवितो. त्यातून समुद्राने वेढलेले बेट असल्याने बऱ्याच विहिरी मचूळ, आणि उन्हाळा लागला की तळ्यांचे तळ दिसू लागत.

१८५४ हे साल या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतालचे मृत्यू मोजून पटकी पाण्यातून पसरते हे दाखवून दिले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनी याने पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखा वाकलेला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्याकडे कोणीही लक्ष दिले नाही. मुंबईत त्या साली पाण्याची टंचाई पडली होती, आणि हेन्री कॉनिबेअर हा अभियंता मिठी नदी अडवून विहारचे सरोवर करण्याच्या योजनेत गुंतला होता. ही तीन माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांच्या कामाची गाठ पडावयास आणखी तीस वर्षे जावी लागली.

विहारचे पाणी १८६० साली शहरात आले. हिंदुस्थानातील ही पहिली मोठी नगरपालिकीय नळयोजना. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मराठीतून एका आधुनिक शहराकडे पाहणारे हे पहिले पुस्तक. आमच्या विद्यार्थ्यांना ते गद्यशैलीचा नमुना म्हणून वाचावयास सांगितले जाते; पाणवठे मागे पडून नळ येण्याच्या अगदी उंबरठ्यावर लिहिलेले पुस्तक म्हणूनही ते वाचता येईल.

विहारचे पाणी आले, पण ते जाणार कोठे, याचा विचार झाला नव्हता. १८६४ साली अँड्र्यू लीथ या डॉक्टरने मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल दिला तो आजही अंगावर येतो. दोन घरांच्या पाठभिंतींमध्ये जी चिंचोळी फट असे तिच्यात शौचकुपांची घाण आणि सांडपाणी एकत्र वाहे, आणि हलालखोर म्हणून ओळखले जाणारे सफाईकामगार तेथून मैला काढून नेत. मुंबईकर तिला अजून घरगल्ली म्हणतो. गटारे अपुरी, उतार चुकीचे. त्यात आता भरपूर पाणी ओतले जाऊ लागले. जमीन भिजून राहू लागली आणि जुन्या विहिरींमध्ये हेच पाणी झिरपू लागले. नळाने पटकी कमी केली हे खरे, पण ज्यांच्या दारात नळ पोचला त्यांच्यापुरती. ज्यांच्याकडे तो पोचला नाही त्यांच्या विहिरी पूर्वीपेक्षाही दूषित झाल्या असल्या पाहिजेत. पुढे तुळशी (१८७९), तानसा (१८९२) अशी सरोवरे वाढत गेली. पाणी आणण्याचा उत्साह आणि ते वाहून नेण्याची टाळाटाळ, हा या शहराचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

मलबार हिलवरील हँगिंग गार्डन हा बगीचा १८८१च्या सुमारास पाण्याच्या टाकीवर उभारला गेला. शेजारच्या पारशी दोखम्यावरील गिधाडांपासून पाणी सुरक्षित राहावे म्हणून टाकीवर हे छप्पर आणि छपरावर बाग, असे सांगितले जाते. ही कथा खरी असो वा नसो, ती टिकून राहिली आहे. टेकडीवरच्या पाण्याची एवढी काळजी घेणाऱ्या शहरातच घरगल्लीही होती.

साहेबबागानचे तळे

येथे मुंबई सोडून थोडा वेळ कलकत्त्यास जाणे भाग आहे. कारण पाण्याच्या शुद्धतेचा तिसरा अर्थ तेथे जन्मला, आणि तोही एका गरीब वस्तीत. १८८३च्या डिसेंबरात रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमधून कलकत्त्यास आला. जानेवारी १८८४मध्ये त्याने पटकीचा जिवाणू प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविला. (विज्ञानाची परिभाषाही कशी असते पाहा! रोगजंतूचे 'शुद्ध' संवर्धन.) परंतु प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे ठरले ते बेलियाघाटा भागातील साहेबबागान नावाच्या बस्तीतले तळे. तळ्याभोवती काही शे माणसांची झोपडवस्ती होती. तेथे एकाएकी पटकी सुरू झाली आणि १७ जण दगावले. कॉखने तळ्याचे पाणी तपासले, तेव्हा त्याला त्यात हाच स्वल्पविरामी जिवाणू सापडला. पहिल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले गेले होते. वस्तीतले लोक तेथेच आंघोळ करीत, भांडी घाशीत, आणि तेच पाणी पीत. साथ ओसरली तसतसे पाण्यातील जिवाणूही विरळ होत गेले.

यावर हिंदुस्थान सरकारची प्रतिक्रिया काय असावी? त्यांनी ते मानले नाही. इंग्लंडहून क्लाइन आणि गिब्स या दोन वैद्यकीय तज्ज्ञांना पाठविण्यात आले आणि त्यांनी कॉखचे निष्कर्ष फेटाळले. हवामान, माती, लोकांची शरीरप्रकृती, अस्वच्छ सवयी ही कारणे सरकारच्या अधिक सोयीची होती. पटकी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते असे कबूल केले असते, तर सुएझ कालव्यातून जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर विलगीकरण लादले गेले असते, आणि व्यापारास ते परवडणारे नव्हते. शिवाय कारण हवामान असेल तर त्यावर इलाज नाही. कारण तळे असेल तर कोणीतरी नळ घालून दिला पाहिजे. म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर याने तर १८९२ साली, जिवाणू एकटा काही करू शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी, त्याचे संवर्धन पिऊन दाखविले. सौम्य जुलाबांवर त्याचे निभावले. त्याच वर्षी हांबुर्ग शहराने एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पुरविले आणि ८,६००हून अधिक माणसे मेली. शेजारच्या आल्टोनात वाळूच्या गाळण्यांतून पाणी येत असल्याने ते गाव बरेचसे बचावले. दोन्ही गावांची हद्द एका रस्त्यावर मिळत होती, आणि रस्त्याच्या एका बाजूस माणसे मरत होती.

आम्हांला या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते ती ही, की जिवाणूचे ज्ञान हिंदुस्थानातील गरिबांच्या पाण्यातून मिळाले, पण त्याचा उपयोग आधी इतरत्र झाला. पटकीच्या विषाचे कार्य १९५९ साली उलगडले, तेही कलकत्त्यातच, शंभूनाथ डे यांनी. ज्ञानाची कमतरता या देशात तेव्हाही नव्हती.

घागरी १०८

इकडे 'शुद्ध' शब्दाचा पहिला अर्थ, म्हणजे स्पर्शाचा, आपल्या जागी पक्का होता. नळ आला तेव्हा त्याच्या तोटीतील चामड्याच्या चकतीमुळे पाणी बाटते की काय, असा वाद हिंदुस्थानातील शहरांमधून झाला होता. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालाने शहरातील विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असे दाखविले आणि पालिकेने विहिरी बुजविण्याचा धडाका लावला, तेव्हा हिंदू आणि पारशी मालक धर्माचा आधार घेऊन उभे राहिले. धर्मकृत्यास वाहत्या वा खुल्या विहिरीचेच पाणी हवे. तडजोड म्हणून विहिरींवर झाकण घालून त्याला जाळीचे छोटे दार ठेवण्यात आले. चर्चगेटजवळची, १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही आहे. येथे धार्मिक भावनेला अधिकाऱ्यांनी मान दिला, हे लक्षात ठेवावे.

सोवळ्याच्या कल्पना सरसकट आरोग्यविरोधी होत्या असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. उष्टे पाणी वर्ज्य, पिण्याचे पाणी ओगराळ्याने काढावयाचे, हात बुडवावयाचा नाही, माठाला झाकण, तांब्याचे भांडे. आज आरोग्यसेविका वस्तीत जाऊन जे सांगते त्यात यातील बरेचसे असते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचताना आपण हसतो. त्या धुण्या-पुसण्यातून घरात काही रोग आलेही नसतील. पण ते श्रम कोणाच्या वाट्याला आले, हेही त्या पुस्तकात आहेच.

परंतु महाडला जे घडले ते याहून निराळे होते. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी १८६८ साली खुला केला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले. पुढे सवर्णांनी काय केले? गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांसह तळ्यात बुडवून पाणी शुद्ध करून घेतले.

या १०८ घागरींकडे सामाजिक अपमान म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रसंगाचे एक दुसरेही वाचन आम्हांला करावेसे वाटते. कॉखला साहेबबागानच्या तळ्यात जिवाणू दिसून तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. १८८५ साली टेओडोर एशेरिख याने माणसाच्या आतड्यात राहणारा जो जिवाणू वर्णिला तो पुढे त्याच्याच नावाने ई. कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. पाण्यात तो सापडला की त्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावयाचे, ही कसोटी जगभर रुळत चालली होती. आज भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात असा एकही जिवाणू चालत नाही. आणि तो माणसाच्या आतड्यात असतो तसाच गाईच्याही असतो. म्हणजे महाडला शुद्धीकरणाच्या नावाखाली, पिण्याच्या पाण्यात, त्या पाण्याला नापास करणारी वस्तूच ओतली गेली. 'शुद्ध' शब्दाचे दोन अर्थ यापूर्वी शेजारी शेजारी नांदत होते. येथे ते समोरासमोर आले. पाणी कोणी प्यावे याचा निकाल उच्च न्यायालयात लागावयास १९३७ साल उजाडले.

नळावरची भांडणे

गिरण्यांच्या मुंबईत बहुसंख्य माणसे एका खोलीत राहत, हे १९११च्या जनगणनेनेच नोंदविले आहे. मजल्याला एक नळ, टोकाला शौचकूप, खोलीच्या कोपऱ्यात मोरी. मोरीतच पिंप, मोरीतच धुणी-भांडी, मोरीतच आंघोळ. चाळीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यात नळ वारंवार येतो. पण तो येतो भांडणाचे ठिकाण म्हणून. पहाटे बादल्यांची रांग, बायकांची जुगलबंदी, आणि वर माडीवरून पाहणारा निवेदक. नळावरच्या भांडणाला आपल्या वाङ्मयाने विनोदाचे हक्काचे ठिकाण करून टाकले. ते भांडण पाऊण तासात किती हंडे भरणार यासाठी असते, आणि पाऊण तासच का, हे मात्र त्या विनोदातून विचारले गेले नाही. दलित आत्मकथनांनी पाणवठ्याकडे वेगळ्या नजरेने पाहावयास शिकविले. मात्र तो पाणवठा बहुधा गावचा. शहरातील नळाचे तसे लेखन आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. वाचकांना ठाऊक असल्यास त्यांनी जरूर सांगावे.

पाऊण तास का, या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहे, आणि सगळा विषय तेथेच येऊन ठेपतो. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. वैतरणा, भातसा अशा दूरदूरच्या जलाशयांतून ते येते. भांडुप येथील प्रचंड शुद्धीकरण केंद्रात ते गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते. तेथून निघताना ते उत्तम असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ते चोवीस तास वाहत नाही. प्रत्येक भागाला ठरावीक वेळ आहे. पाणी सुरू असते तोवर नळात दाब असतो आणि फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की दाब उतरतो, आणि त्याच सांध्यातून बाहेरचे आत येते. बाहेर काय असते? मुख्य जलवाहिनी रस्त्याच्या कडेने जाते. तेथून आत, वस्तीत, अर्ध्या इंची लोखंडी नळ्या रहिवाशांनी आपल्या पैशाने ओढलेल्या असतात, आणि त्यांना गटाराखेरीज दुसरी वाट नसते. दहा-पंधरा नळ्यांची मोळी गटारातून जाताना आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या गंजतात. दाब कमी म्हणून कोणी मोटार लावतो, मोटार शेजारच्या नळीतले पाणी ओढते, पाणी कमी पडले की गटारातलेही ओढते. दुसऱ्या दिवशी प्रथम येते ते गढूळ, वासाचे पाणी. ते सोडून द्यावे असा सल्ला असतो. ज्याला तासभरच पाणी मिळते त्याने त्यातली दहा मिनिटे गटाराला परत द्यावीत, असा याचा अर्थ.

हुबळी-धारवाड येथे काही भागांत चोवीस तास आणि काही भागांत आठवड्यातून एक-दोनदा पाणी अशी स्थिती होती. तेथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खंडित पुरवठ्याच्या पाण्यात दूषण अधिक, त्यातही पावसाळ्यात आणि पाणी सुरू होताना अधिक, असे आढळले. त्यानंतरच्या पाहणीत एक गोष्ट अशी दिसली की, चोवीस तास पाणी मिळाल्याने मुलांचे जुलाब एकंदरीने फारसे कमी झाले नाहीत. मात्र सर्वांत गरीब घरांत रक्ती हगवण कमी होती, आणि विषमज्वरही कमी होता. याचा अर्थ पाणी हा रोगाचा एकच रस्ता नव्हे. हात, माश्या, उघडी गटारे, अंगणात खेळणारी मुले हेही रस्ते आहेत. परंतु ज्याच्यापाशी पाणी साठवावयास स्वच्छ जागा नाही आणि उकळावयास इंधन नाही, त्याला नळाच्या चांगुलपणाचा सर्वाधिक उपयोग होतो.

तारीख

आता तिसऱ्या शतकातील 'शुद्ध' या शब्दाकडे येऊ. आज पाण्याच्या बाबतीत शिवाशिव कायद्याने गुन्हा आहे. तिच्या जागी 'अधिकृत' हा शब्द आला आहे. १९७१चा झोपडपट्टी कायदा, १९७६ची झोपड्यांची गणना आणि फोटोपास, मग १ जानेवारी १९९५ ही तारीख. त्या तारखेपूर्वीपासून येथे असल्याचा कागद ज्याच्यापाशी आहे तो पात्र. १९९६ साली शासनाने असा आदेश काढला की, नंतरच्या वस्त्यांना पाणीही द्यावयाचे नाही. पुढे ही तारीख २००० पर्यंत सरकली. कागद असला तरी झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर आणि इमारतीला १३५ लिटर, असे पालिकेचे मापदंड होते. जमीन केंद्र सरकारची असेल, म्हणजे रेल्वेची, बंदराची, विमानतळाची, तर कागद असूनही काम अडे.

अशा वस्तीत माणसे पाण्यावाचून राहत नव्हती, हे उघड आहे. ती पाणी विकत घेत होती. बंदराच्या जमिनीवरील कौला बंदर या वस्तीचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. भूमिगत जलवाहिनीला चोरून मोटार लावून, लांबलचक रबरी नळ्यांनी पाणी घरोघर विकले जाई. त्याचा दर पालिकेच्या दरापेक्षा कितीतरी पटींनी अधिक. नळीच्या तोंडाशी पाणी पावसाळ्यात दूषित आढळे, आणि घरातील पिंपात, साठवल्यावर, त्याहून अधिक. म्हणजे भांडुपला शुद्ध झालेले तेच पाणी, त्याच शहरात, एका तारखेमुळे आणि एका सातबाऱ्यामुळे चोरीचे होते, महाग होते, आणि शेवटी रोगट होते. क्लोरीनचा जो अंश ग्राहकाच्या नळाशी उरावा (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम), तो पिंपात दिवसभर ठेवलेल्या पाण्यात कोठून उरणार?

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि पालिकेस धोरण आखावयास सांगितले. त्याच निकालात असेही आहे की, कायदा पाळणाऱ्यांच्या बरोबरीने हक्क मागता येणार नाही; दर अधिक लावता येईल. प्रत्यक्षात सर्वांसाठी पाणी हे धोरण पालिकेने जाहीर केले ते मे २०२२मध्ये. १९९६चा आदेश ते २०२२चे धोरण, ही सव्वीस वर्षे. त्या काळात जन्मलेले मूल आता स्वतः पाण्याच्या रांगेत उभे राहत असेल.

चवदार तळ्याचा निकाल आणि हा निकाल यांची तुलना करण्याचा मोह होतो. दोन्ही खटल्यांत प्रश्न एकच होता, हे पाणी कोणाचे? १९३७ साली तळे खाजगी की सार्वजनिक याचा काथ्याकूट झाला. २०१४ साली झोपडी कायदेशीर की बेकायदा याचा. पाण्यात काय आहे, हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम राहिला. जातीचा स्पर्श आणि तारखेचा कागद या एकच गोष्टी नव्हेत. परंतु या वस्त्यांत राहतात कोण, याची जातवार मोजणी केली तर उत्तर फारसे अनपेक्षित नसेल, असा आमचा तर्क आहे.

दर पावसाळ्यात पालिकांची एक सूचना वर्तमानपत्रांत, रिक्षांवरील ध्वनिवर्धकांतून आणि आता मोबाइलवर येते : पाणी गाळून व उकळून प्यावे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी या वाक्याकडे जरा पाहावे. 'प्यावे' हे विध्यर्थी रूप आहे आणि वाक्याला कर्ता नाही. पाणी कोणी उकळावे? ज्या घरात पाच माणसे आहेत त्या घराला पिण्यापुरते रोज दहा-पंधरा लिटर पाणी लागते. ते उकळावयास गॅस लागतो, उकळलेले गार होईपर्यंत ठेवावयास दुसरे झाकणाचे भांडे लागते, ते भांडे ठेवावयास जागा लागते, आणि हे सगळे नळाची वेळ, कामावर जाण्याची वेळ आणि मुलांच्या शाळेची वेळ यांच्या मधल्या फटीत बसवावयास कोणीतरी लागते. भांडुपहून जे नळात येते तोवर ते शहराचे पाणी असते. हंड्यात पडले की ते तिचे होते, आणि त्यातील जिवाणूही.